डोलीनाच्या घरात थंडी नव्हतीच

डोलीना ब्रेमनरला मी कधी कुरकुर करताना ऐकलं नाही, आणि खरं सांगते, मला याचाच भयंकर राग येतो. चर्चच्या दारात बायका म्हणतात, "काय सोशीक बाई आहे हो!" डोंबलाची सोशीक! त्या सोशीकपणापायी तिच्या सख्ख्या भावाची रवानगी शंभर मैलांवरच्या इन्व्हर्नेसला होणार होती, आणि ही बाई येईल त्याला चहा करून देत बसली होती.

मी वरच्या मजल्यावर राहते, ती खाली. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, विक गावच्या बंदराजवळची आमची ही दगडी इमारत, भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कट्ट्यावर मांजर आडवं झोपतं. माझं मासे आणि चिप्सचं दुकान होतं. उकळत्या कढयांच्या आवाजावर ओरडून बोलण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मी साधं "कशी आहेस" म्हटलं तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघतो. डोलीनाचं उलटं. तिचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नाही. ती गावच्या हॉटेलात चादरी-उश्यांच्या खोलीत कामाला होती. पाहुण्याने चादरीला नाक मुरडलं की कोणाची चूक, कोणाची नाही, हे न विचारता ती चादर धुऊन, इस्त्री करून पुन्हा घालायची. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ मॅग्नस छोट्या होडीतून खेकडे आणायचा, त्यानेही केलं नाही. दोघं याच खालच्या घरात जन्मले आणि म्हातारेही इथेच झाले.

हे असं का, ते मला एकदा मॅग्नसनेच सांगितलं होतं. त्यांचे वडील समुद्रात बुडून गेले तेव्हा दोघं लहान होती. बातमी आल्यावर पाद्री आला, शेजारीपाजारी आले, माणसांची रीघ लागली. आईने घरात होता नव्हता तेवढा कोळसा पुढच्या खोलीतल्या शेगडीत घातला. आलेला माणूस गारठता कामा नये. मागच्या खोलीत ही दोन पोरं अंगात कोट घालून झोपली. "आणि रडायचं नाही, असं आईनं बजावलेलं," मॅग्नस म्हणाला. "लोकांना आधीच वाईट वाटतंय, त्यांना आणखी कशाला वाईट वाटायला लावायचं?" हे तो हसत हसत सांगत होता. मला मात्र हसू आलं नाही.

तर आता त्या हीटरची गोष्ट.

आमच्या इमारतीत गॅस नाही. प्रत्येक खोलीत भिंतीला एक लोखंडी पेटी आहे आणि तिच्या पोटात जाड विटा. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा त्या विटा तापतात आणि मग दिवसभर हळूहळू ऊब सोडतात. दुपारी जेवणाच्या सुमाराला पुन्हा थोडा वेळ वीज येते, म्हणजे संध्याकाळ निभते. त्या हीटरांची वीज वेगळी, तिची तार वेगळी, आणि ती चालू-बंद करण्याचं काम मीटरच्या कपाटातल्या डब्याचं. चालू होताना कपाटातून "खट्" असा आवाज येतो. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय की दुपारचा खटका झाला की मी ताटं उचलायला घेते.

उन्हाळ्यात वीज कंपनीने इमारतीतले सगळे जुने डबे काढून नवे मीटर बसवले; तो खटका आता त्यांच्याच पोटात. उन्हाळ्यात हीटर कोण लावतो? कोणी लावले नाहीत. ऑक्टोबरात पहिलं हिंव पडलं, मी माझे हीटर चालू केले, सकाळी विटा गरम. मला वाटलं, खालीही तसंच असणार.

मॅग्नस तेव्हा हॉस्पिटलात होता. छाती भरली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. घरी यायला नुसता तळमळत होता. पुढच्या खोलीच्या खिडकीतून त्याची होडी दिसते, म्हणजे ज्याला विकली त्याची होडी, पण मॅग्नसच्या लेखी ती त्याचीच. "पलंग खिडकीपाशी लाव," एवढाच त्याचा निरोप दर भेटीला.

एक दिवस मी दार न वाजवता खाली गेले. डोलीना अंगात कोट घालून उभी.

"कुठे निघालीस?"

"नाही, आत्ताच आले बाहेरून."

दोन दिवसांनी गेले, पुन्हा कोट. "आत्ताच आले गं." तिसऱ्यांदा गेले तर कोटाच्या बाह्यांना कोपरापर्यंत पीठ! बाहेरून येताना पिठात हात घालून येतं का कोणी? मी सरळ जाऊन हीटरला हात लावला. थंडगार. बेडरूममधला लावला, तोही थंडगार. मॅग्नसच्या खोलीत तर भिंतीला ओल आली होती.

"अगं बये, किती दिवस झाले हे?"

"असेल थोडे दिवस. तसं काही नाही गं, अंगात एक स्वेटर जास्त घातला की भागतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "स्वेटर? आणि मॅग्नस येईल तेव्हा त्याच्या छातीला पण स्वेटर घालणार का?"

ते तिलाही कळत होतं. हॉस्पिटलची नर्स ऑड्री स्पष्ट बोलून गेली होती. रात्रंदिवस घर उबदार पाहिजे, नाहीतर या माणसाला सोडता येणार नाही. ऑक्सिजन असल्यामुळे शेगडी नाही, रॉकेलचा हीटर नाही, तारा लाल होणारा विजेचा हीटरही नाही, आगीचं काहीच नाही. माझ्याकडे वर आणावं तर जिना. मॅग्नसला चार पायऱ्या चढवत नव्हत्या. आणि डोलीनाला "तू तरी रात्री वर झोपायला ये" म्हटलं तर "तुला कशाला त्रास" हे ठरलेलं उत्तर.

मग मीच कंबर कसली. भिंतीवरची बटणं बघितली, सगळी चालू. हीटरवरच्या चकत्या बघितल्या, बरोबर लावलेल्या. फ्यूज बघितले, धड. दुपारी जेवण झाल्यावर वर माझ्या कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि स्वतः खाली येऊन डोलीनाच्या कपाटाला कान लावून बसले. वरून "खट्" ऐकू आलं. खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हीटर चांगले होते हो! नव्या मीटरला त्यांना वीज सोडायचं ठाऊकच नव्हतं. चिप्स तळणाऱ्या बाईला हे कळलं, मग कंपनीला कळायला काय हरकत होती?

फोन केला. बराच वेळ गाणी ऐकवली, मग एक पोरगा आला लाइनवर. "आमच्या स्क्रीनवर तुमचं मीटर व्यवस्थित दिसतंय."

"अरे, स्क्रीनवर दिसतंय! विटा गार आहेत, त्या दिसतात का तुझ्या स्क्रीनवर?"

"मॅडम, माणूस पाठवतो."

माणूस आला. नेमकी मी दाताच्या डॉक्टरकडे होते. संध्याकाळी विचारलं तर डोलीना म्हणते, "आला होता, फार चांगला मुलगा. चहाबरोबर ताजे भाजलेले चार स्कोन खाल्ले त्याने."

"आणि मीटर?"

"त्याने बघितलं. दिवसा त्यात वीज नसतेच म्हणाला, रात्री येईल."

रात्री कसली येतेय! सकाळी विटा गारच्या गार. मी पुन्हा फोन लावला आणि असा आवाज चढवला की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. त्यावर तिकडून काय उत्तर यावं? "मॅडम, आमच्या माणसाने स्वतः तपासणी केली आहे. घर उबदार होतं आणि ग्राहकाची तक्रार नव्हती."

घर उबदार! मी म्हटलं, हा खोटारडा माणूस नुसते स्कोन हादडून गेला आणि वर थापा मारतो. आठवडाभर मी येईल त्याला त्या माणसाच्या नावाने शिव्या घातल्या. पोस्टात घातल्या, बेकरीत घातल्या. मग भांडून भांडून दुसरी भेट मिळवली.

आणि तेवढ्यात ऑड्रीचा निरोप आला. इन्व्हर्नेसच्या वृद्धाश्रमात जागा रिकामी झाली होती. हॉस्पिटलला खाट हवी होती. शुक्रवारपर्यंत घर तापलं तर मॅग्नस घरी, नाहीतर शुक्रवारीच इन्व्हर्नेसला. तिथून समुद्र दिसतो की नाही, ठाऊक नाही. त्याची होडी तर दिसणार नाहीच. डोलीनाला गाडी चालवता येत नाही आणि त्या लांबच्या बसमध्ये तिला मळमळतं. तिने निरोप ऐकला आणि म्हणाली, "चांगली जागा असेल ती. काळजी घेतील त्याची." आणि ओट्यावरचं आधीच स्वच्छ असलेलं फडकं पुन्हा धुवायला घेतलं.

दुसरा माणूस सोमवारी सकाळी यायचा होता. या खेपेला मी दाताला, पाठीला, कशालाच वेळ दिला नव्हता. खाली त्याची गाडी कधीची येऊन उभी असलेली दिसली तशी मी धावत उतरले, दार ढकललं, आणि बघते तर पुढच्या खोलीत मस्त ऊब! तो माणूस जॅकेट काढून, पाय पसरून बसलाय, मांडीवर बशी. डोलीना निळ्या ब्लाउजमध्ये, कोट नाही, केस विंचरलेले.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "तापलं? लागले हीटर?"

"तसा फार प्रॉब्लेम नव्हताच, नाही का?" तो माणूस उठत म्हणाला.

"सकाळी जरासं गार वाटतं, एवढंच," डोलीना हसत म्हणाली. "तुम्हाला उगीच एवढ्या लांब यावं लागलं."

मी हीटरला हात लावला. बर्फ. मग मला सोफ्यामागून येणारी घरघर ऐकू आली. वाकून बघितलं तर मागे दडवून ठेवलेला एक पंख्याचा हीटर, लालभडक झालेला, त्याची वायर गालिच्याखालून नेलेली! आणि तो माणूस तोवर गाडीत बसून निघूनही गेला होता.

मी काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. थोडंफार लिहिते.

"पहाटेपासून लावून ठेवला होतास ना? मागच्या वेळीही हेच केलंस ना? मी त्या बिचाऱ्याला गावभर खोटारडा म्हणत फिरतेय, आणि तू..."

"घरात आलेल्या माणसाला थंडीत बसवायचं का, मोरॅग?"

"हो! बसवायचं! तो थंडी बघायलाच आला होता!"

"बरं दिसत नाही ते."

"आणि मॅग्नसला इन्व्हर्नेसला पाठवलेलं बरं दिसतं?"

तिच्या तोंडचा रंगच गेला. मलाही वाटलं, जास्तच बोलले. पण मग वाटलं, नाही, एवढं बोलायलाच हवं होतं. मी तो पंख्याचा हीटर गरम होता तसाच कॉलरला धरल्यासारखा उचलला आणि वर माझ्या घरी नेऊन कुलपात टाकला.

कंपनीला फोन केला. दोनदा माणूस आला, दोनदा काही दोष सापडला नाही, आता पुढची तारीख जानेवारीत. मी किंचाळले. तर ती फोनवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही ग्राहक नाही. मिस ब्रेमनर स्वतः बोलतील का?"

मी फोन डोलीनाच्या हातात कोंबला आणि आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू येईल.

"हॅलो, बाळा," डोलीना म्हणाली. "तुम्ही किती कामात असाल, आणि मी आपली... कशी आहेस तू?"

मी कपाळावर हात मारून घेतला.

"मी ठीक आहे, मिस ब्रेमनर. तुम्ही कशा आहात? आत्ता घरात ऊब आहे ना?"

डोलीनाने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले नाही, देवाशपथ. तिने खिडकीकडे बघितलं, तिथे मॅग्नसचा पलंग लावून ठेवला होता, चादर ताणून, इस्त्री करून. त्या उशीवर कोणाचंही डोकं टेकलं नव्हतं. ती मुलगी "हॅलो, हॅलो" करायला लागली.

"नाही," डोलीना म्हणाली. "ऊब नाही. मला थंडी वाजते."

आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "मला फार थंडी वाजते. रात्री मी कोट घालून झोपते. बोटं वळत नाहीत. तुमची माणसं आली तेव्हा मी दुसरा हीटर लावला होता, तो माझा गाढवपणा. पण घर थंड आहे. माझा भाऊ शुक्रवारी घरी यायला हवा, आणि या घरात तो मरेल. तुम्ही यायला पाहिजे. जानेवारीत नाही. उद्या."

शेवटचा शब्द ती मोठ्याने बोलली. मोठ्याने म्हणजे तिच्या मानाने. मग फोन ठेवला आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, जणू काही भररस्त्यात तिचा झगा फाटला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फर्गस नावाचा एक धिप्पाड माणूस आला. डोलीनाने त्याला आत घेतलं आणि हात एकमेकांत घट्ट धरून बसली, नाहीतर ते आपोआप काहीतरी तापवायला गेले असते. फर्गसने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"आई गं," तो म्हणाला, "इथे राहता तुम्ही?"

"हो," डोलीना म्हणाली. नुसतं हो. मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

त्याने तारा तपासल्या. "हीटरच्या तारेत वीज नाही. पण दिवसा तशी नसतेच—"

"खबरदार!" मी म्हटलं. "हे वाक्य आता कोणी उच्चारायचं नाही. जेवणापर्यंत थांबायचं. माझ्याकडे सूप आहे."

थांबला बिचारा. तिघंही कोट घालून सूप प्यायलो. मग छतावरून माझ्या कपाटातला खटका ऐकू आला, स्वच्छ. फर्गसने वर बघितलं, मग खालच्या कपाटाकडे. तिथे काहीच नाही. त्याने पुन्हा तार तपासली, आणि कंपनीला फोन लावून त्याच स्क्रीनवाल्यांशी असा काही बोलला की माझ्या दुकानात त्याला लगेच नोकरी दिली असती. झालं होतं एवढंच, की कधी वीज सोडायची हे मीटरला ऑफिसातून कळवायचं असतं. ऑफिसने कळवलं होतं, पण आमच्या जाड भिंतीतून ते या मीटरपर्यंत पोचलंच नव्हतं. पोचलं का, हे कोणी बघितलं नाही. पाठवलं म्हणजे पोचलं! एवढ्याशा आळसापायी एक माणूस कायमचा घराबाहेर गेला असता, आणि स्क्रीनवर सगळं व्यवस्थितच दिसलं असतं.

फर्गसने मीटर बदललं, बाहेर नवी एरियल लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले तर डोलीना नाइटगाऊनमध्ये, हीटरला पाठ टेकून जमिनीवर बसलेली. गुरुवारी ऑड्री येऊन प्रत्येक खोलीत हात फिरवून गेली. शुक्रवारी मॅग्नस आला. पलंगावर बसला, होडी बघितली आणि म्हणाला, "रंग चुकीचा लावलाय गाढवाने."

इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, बरं झालं. पण मॅग्नस त्याच आईचा मुलगा.

ऑड्री रोज यायची, विचारायची, "दुखतंय का, मॅग्नस?" आणि तो म्हणायचा, "चाललंय. तक्रार नाही." हॉस्पिटलातही हेच सांगत आला होता. त्याच्या आजारपणाची मला कल्पना होती, पण दुखण्याची नव्हती. एका दुपारी त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. तोंडाने ऑड्रीशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता, आणि पांघरुणाखाली मूठ अशी आवळलेली की पांघरूण थरथरत होतं. डोलीनाचंही तिकडेच लक्ष होतं.

ऑड्री गेल्यावर डोलीनाने खुर्ची त्याच्या पलंगाजवळ ओढली.

"मॅग्नस, मी त्या मुलीला सांगितलं. फोनवर. ओळखीची ना पाळखीची. मला थंडी वाजते म्हणून सांगितलं."

"ऐकलं मी. मोरॅगने सगळ्या वॉर्डाला ऐकवलं."

"आता तू सांग."

तो खिडकीकडे तोंड फिरवून पडून राहिला. कपाटात दुपारचा खटका झाला. ती उठली नाही, चहाचंही तिने विचारलं नाही. नुसती त्याची मूठ हातात धरून बसली.

"दुखतंय," तो शेवटी म्हणाला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून." आणि मग अगदी लहान पोरासारखा, "खूप दुखतंय गं, डोलीना."

मी किटलीकडे जाणार होते, सवयच ती. डोलीना माझ्या पुढून फोनकडे गेली. ऑड्री अजून तिच्या गाडीपर्यंतही पोचली नसेल.

"मागे फिर," डोलीना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. माझ्या भावाला दुखतंय, त्याला औषध पाहिजे." एवढ्या मोठ्याने म्हणाली की बाहेर रस्त्यावर ऑड्रीने फोन कानाला न लावताच मान वळवली.